चौथी खोली: अमोनिया पाइपात होता, भिंत मात्र कोरडी

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये अमोनियावर चालणाऱ्या चार प्री-कूलिंग खोल्या आहेत. तीन जुन्या, चौथी मागच्या पावसाळ्यात बांधलेली. चौथीचं एअर कूलर सगळ्यांत मोठं, ७० किलोवॉटचं, म्हणजे प्लांटवाल्यांच्या भाषेत वीस टनांचं (हा टन थंडाव्याच्या मापाचा, वजनाचा नव्हे). तरी मागे पडायची ती तीच. बाकीच्या खोल्या माल सात तासांत २ अंशांवर आणायच्या, हिला अकरा तास लागायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे चार तास म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. खोली रिकामी होत नाही, दारात पुढची गाडी उभी, आणि गाडीतल्या क्रेटमध्ये देठ वाळत चाललेला. मणी टवटवीत दिसतो, पण पलीकडचा खरेदीदार पेटी उघडली की आधी देठ बघतो.

मालकांच्या पुतण्याने मला बोलावलं. त्याचा प्रश्न ठरलेला होता: "सर, सगळे म्हणतात कंप्रेसर कमी पडतोय. नवा घ्यायचा का, तेवढं सांगा."

आधी हिशोब केला. खोलीत एका वेळी दोन हजार पेट्या, पाच किलोच्या, म्हणजे १० टन माल. आत येताना साधारण २६ अंश. द्राक्षाची विशिष्ट उष्णता किलोला ३.६५ किलोज्यूलच्या आसपास. २४ अंश उतरवायचे तर सुमारे ८७६ मेगाज्यूल काढावे लागतात. सात तासांत काढायचे तर सरासरी ३५ किलोवॉट. माल गरम असताना सुरुवातीच्या दोन तासांत याच्या जवळपास दुप्पट, पुढे उतरत उतरत शेवटी पंख्यांची नि दाराची उष्णता एवढीच उरते. म्हणजे ७० किलोवॉटचं कूलर कागदावर पुरेसं होतं. सक्शन प्रेशर, म्हणजे कंप्रेसर अमोनियाची वाफ ज्या दाबाला ओढतो ते, ३७ पीएसआयवर स्थिर होतं. या दाबाला अमोनिया उणे ५ अंशांना उकळतो. कंप्रेसर खरंच कमी पडत असता तर हे प्रेशर वर चढलं असतं. ते चढत नव्हतं, उलट कंप्रेसर मधूनमधून अनलोड होत होता, म्हणजे स्वतःहून कमी भारावर येत होता. वाफच पुरेशी येत नव्हती, तर तो ओढणार काय?

पुतण्याला सांगितलं, कंप्रेसरचे पैसे खिशात ठेव.

वाफ येत नाही याचा अर्थ कॉइलमध्ये, म्हणजे कूलरच्या नळ्यांच्या जुडग्यात, उष्णता अमोनियापर्यंत पोचत नाही. इथे थोडं थांबून पाइपाच्या आत काय चालतं ते बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

हा पंपाचा प्लांट आहे. लो प्रेशर व्हेसल (एलपी) या टाकीतून पंप द्रव अमोनिया कॉइलकडे ढकलतो, आणि जितका उकळणार त्याच्या चौपट ढकलतो. ७० किलोवॉटला सेकंदाला जेमतेम ५५ ग्रॅम अमोनिया उकळतो (उणे ५ अंशांना त्याची सुप्त उष्णता किलोला सुमारे १२८० किलोज्यूल), पण पंप देतो २२० ग्रॅम. उरलेला तीन चतुर्थांश द्रव वाफेबरोबर तसाच परत व्हेसलमध्ये येतो. नवख्या माणसाला हा अपव्यय वाटतो. पण तो जास्तीचा द्रव आतली भिंत ओली ठेवण्यासाठीच असतो.

गंमत आकारमानात आहे. उणे ५ अंशांना अमोनियाचा द्रव घनमीटरला ६४५ किलो भरतो आणि वाफ तीन किलोही भरत नाही. सव्वादोनशे पट फरक. त्यामुळे कॉइलमधून बाहेर पडताना वजनाने तीन भाग द्रव नि एक भाग वाफ असली, तरी पाइपातली जवळजवळ सगळी जागा वाफेची असते. वाफ पुढे पळते, द्रव मागे रेंगाळतो, ते धरूनही द्रवाच्या वाट्याला सात-आठ टक्केच जागा येते. १५ मिलिमीटरच्या नळीत हा द्रव सगळ्या बाजूंनी सारखा पसरला, तर त्याची जाडी भरते पाव मिलिमीटरच्या थोडी वर. पोस्टकार्डाएवढी. वीस टनांचं काम करतो तो हा पापुद्रा.

तो पातळ आहे म्हणूनच चांगला आहे. नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये थंड भिंतीवर वाफ द्रवते त्याचं गणित मांडलं, तेव्हापासून हे माहीत आहे की द्रवाची फिल्म जितकी पातळ, तितका उष्णतेला अडथळा कमी. उकळतानाही बरंचसं तसंच. पण पातळ होत होत फिल्म फाटली की सगळं उलटतं. अमोनियाच्या द्रवाची उष्णतावाहकता ०.५५ च्या आसपास, वाफेची ०.०२ च्या थोडी वर. वीस-पंचवीस पट फरक. फाटलेल्या जागी नळी आहे, नळीवरचे पत्र्याचे पंख (फिन) आहेत, हवा आहे, पण उष्णता घ्यायला पलीकडे कोणी नाही. शिवाय आडव्या नळीत गुरुत्वाकर्षण असतंच. वाफेला वेग असेल तर ती फिल्मला ओढत छतापर्यंत नेते आणि चहूबाजूंनी कडं तयार होतं. वेग नसला की द्रव तळाशी ओघळासारखा वाहतो आणि वरचा अर्धा भाग कोरडा. कुठला प्रकार कधी होतो याचे नकाशे बेकर यांनी १९५४ मध्ये आणि टायटल-डकलर यांनी १९७६ मध्ये दिले. आपली कॉइल पूर्ण भारावर शेवटाकडे कड्याच्या सीमेवर येते, निम्म्या भारावर तळाच्या लाटांमध्ये. म्हणजे फार मोकळीक नाही.

पहिल्या भेटीत मात्र मी यातलं काही पाहिलं नाही. मला तेल दिसलं.

अमोनिया आणि खनिज तेल एकमेकांत मिसळत नाहीत आणि तेल जड असतं, म्हणून ते खाली बसतं. चौथ्या खोलीच्या कॉइलला तळाशी तेल काढायची नळी होती, ती बसवल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. कॉइल बंद करून, मास्क लावून, नळीचं तोंड पाण्यात धरून काढलं तर साडेचार लिटर निघालं. काळपट, थंडीने मधासारखं दाट झालेलं. तेलाची उष्णतावाहकता ०.१३. भिंतीवर त्याचा दशांश मिलिमीटरचा थर बसला, तरी त्याचा अडथळा अमोनियाच्या सगळ्या फिल्मपेक्षा जास्त होतो. मला वाटलं, झालं काम. मी तसं बोलूनही गेलो, ते बोलायला नको होतं. पुढच्या दिवशी खोलीने दहा तास घेतले. एक तास कमी झाला, तीन उरले.

दुसऱ्यांदा गेलो ते थेट कॉइलच्या मागे शिरलो. प्रत्येक कॉइलला वीस सर्किट, म्हणजे अमोनियाच्या वीस वेगळ्या वाटा, प्रत्येक सर्किटची एक शेपटी बाहेर येऊन हेडरला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक उभ्या पाइपाला मिळते. हेडर मीटरभर उंच. टॉर्चच्या उजेडात बोट लावत वर गेलो. खालच्या अकरा शेपट्यांवर बर्फ पांढराशुभ्र, दाट, हात लावला की बोट चिकटणारा. बाराव्यावर विरळ. तेराव्यापासून वर बर्फच नाही, नुसतं दव, आणि वरच्या दोन तर चक्क कोरड्या. बाराव्या शेपटीची तर खालची बाजू पांढरी आणि वरची ओली, नळीवर आडवी रेघ मारल्यासारखी. आतला द्रव कुठपर्यंत आहे ते नळीने बाहेर लिहून दाखवलं होतं. संपर्क थर्मामीटर लावला तर त्याच नळीच्या खाली उणे साडेचार, वर अधिक एक. स्टेनलेस स्टील उष्णता फार वाहत नाही, म्हणून हे दिसलं. ॲल्युमिनियमची कॉइल असती तर ही रेघ पुसली गेली असती.

वरची सर्किट उपाशी का? प्रत्येक सर्किटच्या तोंडाशी बारीक भोकाची ओरिफिस असते, ती द्रव सगळ्यांना सारखा वाटते. पण ओरिफिसचा प्रेशर ड्रॉप प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. पूर्ण प्रवाहाला इथे तो ३० किलोपास्कल धरलेला होता. प्रवाह एक तृतीयांश झाला की तो उरतो सव्वातीन. आणि मीटरभर उंच हेडरमध्ये नुसत्या द्रवाचं वजनच सव्वासहा किलोपास्कल भरतं. म्हणजे ओरिफिसचा हुकूम चालेनासा होतो, द्रव सोयीने खालच्या नळ्यांत जातो. वीस सर्किटचा माल अकरांनाच.

तेव्हा प्रश्न उरला की प्रवाह एक तृतीयांश कोणी केला.

प्लांटवर नाना आहेत, बावीस वर्षं अमोनियात काढलेले. कॉइलला द्रव सोडणाऱ्या हँड व्हॉल्व्हकडे मी बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "साहेब, व्हॉल्व्ह मीच दाबलाय. उगीच नाही दाबला. उघडा ठेवला की एलपीचं हाय लेव्हल वाजतं, कंप्रेसर ट्रिप होतो, चारही खोल्या बसतात. एका खोलीसाठी चार घालवू का मी?"

पुतण्या भडकला होता. मी त्याला बाहेर चहाला पाठवलं. नानांचं उत्तर बरोबर होतं. कंप्रेसरमध्ये द्रव गेला तर पुढचा खर्च नव्या कंप्रेसरचाच. माणूस आपल्याला दिसतो त्या धोक्यावर उपाय करतो, आणि नानांना लेव्हल दिसत होती, कॉइलची भिंत दिसत नव्हती. मला खटकलं ते इतकंच की साडेतीन महिने हे कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

आता लेव्हल का चढते? चौपट द्रव जातो तसा तितकाच परत येतो, लेव्हलला हलायचं कारण नाही. हलते, याचा अर्थ तो परत येताना अडतो आणि मग एकदम येतो.

चौथ्या खोलीच्या कॉइलमधून निघालेला वाफ-द्रवाचा पाइप साडेतीन मीटर सरळ वर चढतो, छतावरच्या पाइप रॅकवर जातो आणि तिथून उतारावर व्हेसलकडे. जुन्या तीन खोल्यांच्या कॉइल रॅकच्या वरच्या पातळीवर आहेत, त्यांना असा चढ नाही. चढाचा हा पाइप, रायझर, ८० मिलिमीटरचा टाकलेला. ज्याने टाकला त्याचा हिशोब सोपा होता: पाइप मोठा, तर प्रेशर ड्रॉप कमी, आणि पुढेमागे वाढवायचं झालं तरी सोय. कोरड्या वाफेसाठी हे खरं आहे. इथे मात्र वाफेला आपल्याबरोबर तिप्पट वजनाचा द्रव खांद्यावर घेऊन वर चढायचं आहे.

उभ्या पाइपात द्रव भिंतीला फिल्म होऊन चढतो, आणि चढतो तो फक्त मधून धावणाऱ्या वाफेच्या ओढीने. ओढ कमी पडली की फिल्म घसरून खाली येते. हे कधी होईल ते सांगायला वॉलिस यांची एक मितीरहित संख्या वापरतात. वाफेचा जोर आणि द्रवाचं वजन यांचं ते गुणोत्तर. ती ०.९ ते १ च्या वर असेल तर फिल्म चढते, बरीच खाली असेल तर द्रव साचतो, वाफ त्यातून बुडबुडत, उसळत वाट काढते. ८० च्या पाइपात पूर्ण ७० किलोवॉटला वाफेचा वेग सेकंदाला चार मीटर आणि ती संख्या ०.३. सरासरी भाराला तर ०.१५. म्हणजे या रायझरमध्ये फिल्म एकही दिवस नीट चढली नव्हती.

गणितावर विश्वास ठेवायच्या आधी कान लावला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रायझरवर, मूठ कानाच्या हाडावर. आत गुळगुळ, गुळगुळ, मग दोन क्षण शांतता, मग धप्प. नाना हसले: "हे तर मला रोज ऐकू येतं. मला वाटलं, अमोनिया असाच बोलतो." मग एकच टेस्ट गेज आधी कॉइलच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी आणि मग व्हेसलवर लावलं (दोन गेज घेतले की भांडण गेजांचं होतं, म्हणून एकच). कॉइलकडे प्रेशर दीड ते अडीच पीएसआयने जास्त, आणि काटा श्वास घेतल्यासारखा वरखाली. दीड पीएसआय म्हणजे ०.१ बारच्या थोडं वर. साडेतीन मीटर रायझर निम्मा द्रवाने भरलेला धरला तर बरोबर एवढंच भरतं. त्याचा परिणाम असा की व्हेसल उणे ५ वर असला तरी कॉइल उणे सव्वाचार-चारवर उकळते. हवा आणि अमोनियात सहा अंशांचा फरक ठेवून डिझाइन केलेल्या कॉइलमध्ये पाऊण-एक अंश रायझरनेच खाल्ला.

पण खरा घोटाळा या अंशाचा नव्हता. खोली थंड होत आली की वाफ कमी होते, रायझर तुंबतो, आणि त्याच्या मागे कॉइलही भरत जाते. कॉइल आणि रायझर मिळून सव्वाशे लिटर मावतो. फिल्मच्या अवस्थेत त्यात दहा-बारा लिटर द्रव असतो, तुंबल्यावर निम्म्याहून जास्त भरतं. मग दार उघडतं, दोन हजार गरम पेट्या आत येतात, वाफ उसळते आणि हे सत्तर-ऐंशी लिटर काही मिनिटांत व्हेसलमध्ये येऊन पडतं. व्हेसल जुना, तीन खोल्यांच्या हिशोबाचा. त्याच्यात चार-पाच सेंटिमीटर लेव्हल चढली की फ्लोट स्विच वाजणारच. नानांनी ऐकली ती ही घंटा. आणि तेल? ते साचलं तेही याच तुंबलेल्या, न वाहणाऱ्या द्रवाच्या तळाशी. मी ज्याला रोग समजलो होतो ते लक्षण होतं.

हंगाम ऐन भरात, पाइप कापणं शक्य नव्हतं. तात्पुरतं एवढंच केलं: चौथी खोली रिकामी होत आली की नानांनी पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कॉइल उकळून रिकामी होऊ द्यायची, माल भरून पंखे लागल्यावर पंधरा मिनिटांत तीन टप्प्यांनी तो पुन्हा पूर्ण उघडायचा. व्हॉल्व्हच्या चाकावर खडूने तीन खुणा केल्या. साडेचारशे रुपयांचं घड्याळ शेजारी टांगलं. पहिल्याच खेपेला सव्वाआठ तास. हाय लेव्हल वाजली नाही. वीसही शेपट्या पांढऱ्या झालेल्या बघायला मालक स्वतः कॉइलमागे वाकून आत शिरले.

रायझर एप्रिलच्या शेवटी बदलला. त्याआधी वाद झाला. ८० काढून ४० टाकायचा म्हटल्यावर मालक म्हणाले, "अहो, गिळायला होत नाही म्हणून घसा अर्धा करता का?" फिटर ५० वर अडून होता. दोन्ही हिशोब कागदावर मांडले. ५० मध्ये पूर्ण भाराला ती वॉलिसची संख्या ०.८२, म्हणजे सीमेवर, पण सरासरी ३५ किलोवॉटला ०.४१, पुन्हा तुंबलं. ४० मध्ये पूर्ण भाराला दीड, सरासरीला ०.७६. घर्षण वाढतं, हे खरंच. पण ४० मध्ये घर्षण आणि चढत्या द्रवाचं वजन मिळून माझ्या हिशोबाने ०.०६ बारच्या आसपास होतं. ८० मध्ये निव्वळ साचलेल्या द्रवाचं ०.११ होत होतं. अर्ध्या व्यासाच्या पाइपात कमी प्रेशर ड्रॉप, हे फिटरला पटायला अर्धा तास लागला, आणि पटल्यावर त्यानेच ते मालकांना माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. दोन रायझर, एक बारीक नि एक मोठा, असाही पर्याय असतो. इथे पूर्ण भाराला वाफ दोघांत वाटली गेली असती आणि दोन्हीतला वेग पुन्हा पडला असता, म्हणून तो सोडला.

कापायच्या आधी लाइन पूर्ण पंप-डाऊन, म्हणजे अमोनिया ओढून रिकामी, मग नायट्रोजनने धुवून काढली, आणि मीटर शून्य दाखवेपर्यंत वेल्डरला शिडीवर चढू दिलं नाही. सातपूरहून आणलेला पाइप, चार वेल्ड, प्रेशर टेस्ट. दीड दिवसाचं काम. व्हेसलचा फ्लोट स्विच हलवायचा मोह झाला होता, पण तो जिथे आहे तिथेच ठेवला. तो बिचारा खरं बोलत होता.

पुढच्या हंगामात चौथी खोली सात तास दहा-वीस मिनिटांत येऊ लागली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून. तेल दर पंधरवड्याला काढतात, निघतं ते पाव-अर्धा लिटर.

रात्री माल थंड होऊन भार पंधरा किलोवॉटवर आला की ४० च्या रायझरमध्येही ती संख्या ०.३३ वर उतरते आणि तो पुन्हा गुळगुळायला लागतो. जानेवारीत एकदा रात्री दोनला नानांचा फोन आला, "साहेब, परत बोलायला लागलाय." खोलीचं तापमान विचारलं. दीड अंश, म्हणाले. मग बोलू दे, म्हटलं, माल भरायच्या आधी तेवढा व्हॉल्व्ह बंद करा. "ते केलंय," नाना म्हणाले, "तुम्हाला नुसतं ऐकवायचं होतं." आणि त्यांनी फोन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावला.